दोनशे वर्षांचं वऱ्हाड

तळमजल्यावरच्या आजींना मी आठ वर्षं आडनावानेच हाक मारत होते. म्युनिकमध्ये ती रीतच आहे. जिन्यात गाठ पडली की 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं, शेजारी घरात नसेल तर त्याचं पार्सल ठेवून घ्यायचं, नाताळात एकमेकींच्या दाराशी बिस्किटांचा डबा ठेवायचा. पण 'तुम्ही' सोडायचं नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांना पहिल्या हिवाळ्यापासून आजीच म्हणत आले. जन्म १९३८चा, पाठ ताठ, केस पांढरे आणि आखूड, आणि बोली इतकी पक्की बव्हेरियन की क्लासात शिकलेलं माझं जर्मन पहिली दोन वर्षं त्यांच्यापुढे टिकतच नव्हतं.

आमचं घर झेंडलिंग भागात. ऑक्टोबरफेस्टचं मैदान तिथून चालत पंधरा मिनिटांवर. जुलैच्या मध्यापासून तिथे तंबू उभे राहायला लागतात आणि वारा तिकडून असला की हातोड्यांचे ठोके आमच्या बाल्कनीत ऐकू येतात. म्युनिकची माणसं 'ऑक्टोबरफेस्ट' हा शब्द फारसा वापरत नाहीत. ती म्हणतात 'वीझन'. वीझन म्हणजे कुरण, गवताचा माळ. 'माळावर जाऊन येतो' इतक्या साधेपणाने हे लोक जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअरच्या जत्रेला जातात.

२०१९च्या सप्टेंबरात मी आजींना सहज म्हटलं, की यंदा माझा वीझनला जायचा विचार नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर दरवर्षी जात होते. मोठ्या तंबूत टेबल राखून ठेवलेलं असायचं, संध्याकाळी सातपर्यंत सगळे बाकांवर उभे, बँडवर जगभर वाजणारी तीच गाणी, शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडायचं. माणसं आनंदात असायची, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथून मी दरवर्षी लवकर निघायचे आणि घरी येऊन अस्वस्थ व्हायचे. इतक्या गर्दीत जाऊन आपण कुणालाच भेटलो नाही, असं काहीतरी वाटत राहायचं.

आजींनी हातातली कुंडी खाली ठेवली. "वीझन दाखवायची तर मी दाखवते," त्या म्हणाल्या. "बुधवारी दुपारी दोनला खाली या. छत्री घ्या, आणि सुटी नाणी ठेवा."

बुधवारी आम्ही निघालो. आजींनी करड्या लोकरीचं साधं जाकीट घातलं होतं. डाव्या हाताला चढावर बव्हेरियाचा पुतळा दिसत होता. १८५०मध्ये उभारलेला, साडेअठरा मीटर उंच, ब्राँझचा. शेजारी सिंह, वर उचललेल्या हातात ओकच्या पानांची माळ. आजी त्या पुतळ्याला 'ही' म्हणतात. "ही अजून उभी आहे म्हणजे मलाही चालता येईल."

मैदानाच्या दक्षिण टोकाला एक कुंपण होतं आणि त्याच्या दाराशी तिकिटाची खिडकी. बाकीच्या वीझनवर शिरायला काही पडत नाही; इथे तेव्हा तीन युरो. पाटीवर लिहिलं होतं 'ओइडे वीझन'. पुस्तकी जर्मनमध्ये जे 'आल्टे', ते इथल्या बोलीत 'ओइडे'. जुनी वीझन. आपल्याकडे जुनं गाव म्हणतात, गावठाण म्हणतात, तसं हे जत्रेचं गावठाण.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा आवाज बदलला. पलीकडे भोंगे, विजेवर गरगरणारे अजस्र पाळणे, किंकाळ्या. इथे एक हवेवर चालणारा बाजा वाजत होता, लाकडी चाकांचा खडखडाट होता, आणि मुलांचे आवाज मुलांच्याच उंचीवरून येत होते.

हा कोपरा फार जुना नाही, हे सांगायला हवं. २०१०मध्ये ऑक्टोबरफेस्टला दोनशे वर्षं झाली, तेव्हा मैदानाच्या या टोकाला ऐतिहासिक वीझन भरवली. जुने पाळणे गोदामांतून बाहेर काढले, घोड्यांची शर्यत पुन्हा पळवली, आणि म्युनिकच्या सहा दारूभट्ट्यांनी, ज्या एरवी एकमेकींच्या तंबूत पाऊल टाकत नाहीत, मिळून एक जुन्या पद्धतीची काळसर बिअर गाळली. एका वर्षापुरता बेत होता. पण म्युनिककर असे लोटले की पुढच्या वर्षापासून ते कायमचं झालं. पर्यटकांसाठी काढलेली गोष्ट गावातल्या लोकांनी उचलून धरली असं क्वचित होतं. इथे उलट झालं होतं: गावातल्या लोकांना आपली जत्रा परत हवी होती आणि ती त्यांना एका कोपऱ्यात मिळाली.

मुळात या जत्रेचा जन्म लग्नातला. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचं झाक्सेन-हिल्डबुर्गहाउझेनच्या राजकन्येशी, तेरेझेशी लग्न झालं. पाच दिवसांनी गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत ठेवली. कल्पना होती नॅशनल गार्डमधल्या आंद्रेआस डाल'आर्मी नावाच्या मेजरची. तो पेशाने बँकवाला. माळाला नवरीचं नाव दिलं, तेरेझियनवीझं, तेरेझेचं कुरण. शर्यत लोकांना इतकी आवडली की दुसऱ्या वर्षी पुन्हा भरवली, सोबत शेतीचं प्रदर्शन जोडलं. नवरानवरी संसाराला लागली, राजा-राणी झाली, १८४८मध्ये लुडविगचं सिंहासन गेलं, पुढे राजघराणंही गेलं. वऱ्हाड मात्र दरवर्षी येतच राहिलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पाल आठवलं. माझं आजोळ कराड तालुक्यातलं. तारळी नदीच्या काठी पालला पौषात खंडोबाचं म्हाळसेशी लग्न लागतं, गोरज मुहूर्तावर. लाखो माणसं येतात, भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलंय. आपण यात्रेला चाललोय असं आजोळी कुणी म्हणायचं नाही. माझी तिकडची आजी म्हणायची, "देवाच्या लग्नाला जायचंय." देवाचं लग्न दरवर्षी नव्याने लागतं. इथलं लग्न एकदाच लागलं आणि सगळे विसरूनही गेले. मी ऑफिसात विचारलं होतं. नवरीचं नाव कुणालाही सांगता आलं नाही, आणि रोज सगळे त्याच नावाच्या स्टेशनावर उतरत होते.

आजींना आलं. त्यांनी वर माहिती जोडली, की ती लुथेरन होती, नवरा कॅथलिक, आणि तिने शेवटपर्यंत आपला पंथ सोडला नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात तेरेझेबद्दल आपल्या घरातल्या बाईबद्दल असावा तसा अभिमान होता.

आम्ही साखळ्यांच्या पाळण्यापाशी आलो. मध्ये खांब, वर रंगवलेली छत्री, तिच्या कडेला साखळ्यांनी टांगलेल्या लाकडी बैठका. पाटीवर वर्ष होतं १९१९. म्हणजे त्या सप्टेंबरात तो बरोब्बर शंभर वर्षांचा होता. एका फेरीला तेव्हा एक युरो. आजी बसणार नव्हत्या. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"एकोणपन्नास साली," त्या म्हणाल्या.

युद्धानंतरचा पहिला ऑक्टोबरफेस्ट १९४९चा. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या. आईने दोघा भावंडांत मिळून पन्नास फेनिग दिले होते. भावाने भाजलेल्या बदामांचा कोन घेतला आणि आजींनी साखळ्यांचा पाळणा. बदामांचा वास अख्ख्या रस्त्याला फुकट मिळतो, असा त्यांचा तेव्हाचा हिशेब. पाळणा वर गेला, बैठक बाहेर फेकली गेली, आणि त्यांना पहिल्यांदा शहर वरून दिसलं.

"अर्धं नव्हतंच," आजी म्हणाल्या. "रोज त्या ढिगाऱ्यांतून शाळेत जायचो, पण खालून ते रस्त्याएवढंच दिसतं. वरून सगळं एकदम दिसलं. मी घाबरले नाही. मला वाटलं, अरे, केवढी मोकळी जागा आहे."

मी विचारलं, पाळणा हाच होता का. त्यांनी खांदे उडवले. "असेलही. साखळ्या सगळ्या सारख्याच करकरतात."

मी बसले. पाळणेवाल्याने प्रत्येकाच्या पुढ्यातली साखळी स्वतः ओढून पाहिली, एकीची कडी पुन्हा लावली. फेरी लांबलचक नव्हती, वेगही बेताचा. वर गेल्यावर मी शहराकडे बघितलं. फ्राउएनकिर्शं या चर्चचे दोन कांद्याच्या आकाराचे घुमट, जवळ सेंट पॉलच्या चर्चचा टोकदार मनोरा, मागे लाल कौलं. पूर्ण शहर. खाली आजी हात वर करून उभ्या होत्या, आणि त्या मला हात करत आहेत की त्या उंचीला, ते मला कळलं नाही.

उतरल्यावर आम्ही बाकीचे पाळणे हिंडलो. १९३९ साली बांधलेला एक चढउतारांचा फिरता पाळणा होता, त्याचं नाव 'स्वर्गाची सफर'. कॅलिप्सो नावाचा एक जुना पाळणा होता, त्यावर आजींच्या वयाच्या दोन बायका एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि वळणावर एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर जात होतं. वेलोड्रोम नावाच्या गोल रिंगणात विचित्र सायकली ठेवलेल्या होत्या: एकीचं हँडल उलटं फिरणारं, एकीची चाकं वाकडी. लोकांतल्या कुणीही उठावं, चालवून बघावं, पडावं, आणि बाकीच्यांनी हसावं. तिकीट काढून आत बसायचं ते शेजाऱ्याला पडताना बघायला. पडणारा पहिला हसायचा.

लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी मी थोडी रेंगाळले. जवळून पाहिलं तर घोड्यांच्या कानांची टोकं वेगळ्या लाकडाची होती. मुलं चढताना कान धरतात, कान तुटतात, पाळणेवाले हिवाळ्यात नवे बसवतात. खोगिरावर रंगाचे इतके थर होते की कोरीव नक्षीच्या धारा बोथट झाल्या होत्या. संग्रहालयात असा घोडा ठेवला तर त्याला हात लावू देत नाहीत, म्हणून तो तसाच राहतो. इथे दिवसभर पोरं त्याला लाथा मारतात, म्हणून त्याला दरवर्षी कुणीतरी मांडीवर घेऊन बसावं लागतं. मला हा दुसरा प्रकार जास्त प्रेमाचा वाटतो.

मग तंबू. आम्ही गेलो तो हेर्त्सकास्पर्ल, योर्ग हूबे या म्युनिकच्या नटाने रंगवलेल्या एका पात्राच्या नावाचा. हूबे २००९मध्ये गेले. आत लांब टेबलं, मध्ये नाचायला लाकडी फळ्यांची जागा, आणि चार-पाच वादक. त्यांच्या आवाजाखाली माणसांची बोलणी ऐकू येत होती. एरवी मोठ्या तंबूंतही २००५पासून संध्याकाळी सहापर्यंत फक्त ब्रास बँड, तोही ८५ डेसिबलच्या आत, असा नियम आहे. पण सहानंतर तो सुटतो. इथे संध्याकाळ झाली तरी गडबड वाढत नाही.

आजींनी दोन बिअर सांगितल्या. त्या काचेच्या मगात आल्या नाहीत. करड्या दगडी मातीचे जाड मग, एकेक लीटरचे. त्यांना केफरलोअर म्हणतात. म्युनिकजवळच्या केफरलोअच्या घोडेबाजारात लोक अशा मगांतून प्यायचे म्हणून ते नाव. मातीचा मग बिअर थंड ठेवतो, पण आत किती ओतली ते बाहेरून दिसत नाही. या शहरात 'लबाडीने कमी ओतण्याविरुद्धचा संघ' आजही आहे, इतकं इथे त्या बाबतीत काटेकोर. आजींनी मग तिरका करून आत डोळा लावला, मान हलवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"माळावर एका बाकावर बसलेली माणसं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत नाहीत. आठ वर्षं पुष्कळ झाली. तू म्हण."

जर्मनमध्ये हे वडीलधाऱ्यानेच द्यायचं असतं. धाकट्याने मागायचं नसतं. मग मगावर मग आपटला. तो टणक, बसका आवाज मला अजून आठवतो. माझ्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निघालं तेव्हा मी ते इतकं हळू म्हटलं की आजीने कानाला हात लावून पुन्हा म्हणायला लावलं.

तर आजी म्हणाली, "आता ऐक. हा त्स्वीफाखर."

नाचायला आठ-दहा जोड्या उठल्या. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, असा वॉल्ट्झ चालला होता, आणि मध्येच सगळ्या जोड्या एकदम दोनच्या ठेक्यावर गर्रकन फिरल्या आणि परत तीनवर आल्या. कुणी काही खूण केली नव्हती. त्स्वीफाखरमध्ये तालच बदलत राहतो, तीनाचा दोन, दोनाचा तीन, आणि प्रत्येक गाण्याचा बदल वेगळा. रूपकात तीन-दोन-दोन येतं, ते माझ्या बोटांना लहानपणापासून माहीत होतं. पण रूपक आपला शब्द पाळतो, आवर्तन संपलं की परत तेच. इथे गाणं पाठ नसेल तर पाय अडकणारच. आजी टेबलावर बोटाने मोजत होती. बदलाच्या अर्धा क्षण आधी तिचं बोट थबकायचं. "तीन... तीन... आता दोन." मी तिच्या बोटाकडे बघून शिकत होते. तासाभराने मला एका गाण्याचा बदल बरोबर पकडता आला तर तिने माझ्या हातावर चापट मारली, पोराला पहिली बाराखडी आली की मारतात तशी.

पलीकडच्या तंबूत त्राख्टनफेराइनची, म्हणजे पारंपरिक वेशभूषा जपणाऱ्या मंडळांची माणसं आली होती. असं पहिलं मंडळ १८८३मध्ये बायरिशत्सेल गावात योझेफ फोगल नावाच्या शाळामास्तराने काढलं. आखूड चामडी चड्डी तेव्हा डोंगरातूनही हद्दपार व्हायला लागली होती. पुरुष मांड्यांवर, तळव्यांवर ताल धरून उड्या मारत होते, आणि गाडीवानांचे आसूड हवेत असे कडाडत होते की माझ्या अंगावर काटा आला. आजोळी देवीच्या वारी दारात पोतराज यायचा, त्याचा कोरडा असाच वाजायचा.

मी आजीला विचारलं, तू का नाही डिर्न्डल घालत? भोवती सगळ्या बायका इथल्या त्याच पारंपरिक पोशाखात होत्या.

"आमच्या तरुणपणी वीझनला रविवारच्या कपड्यांत यायचे. पुरुष सुटात, बायका साध्या झग्यात. शहरातल्या पोरी डिर्न्डल घालून फिरायला लागल्या ते नव्वदीनंतर." मग थोडं थांबून म्हणाली, "माझी आई रेझिडेन्त्सश्ट्रासंवरच्या एका दुकानाच्या काचेपुढे उभी राहायची. वालाख. छापील कापड असायचं. परवडायचं नाही. एक दिवस ते दुकान दुसऱ्याचं झालं, असं ती सांगायची. त्याच्या पुढे ती सांगायची नाही."

घरी येऊन मी वाचलं. युलिउस आणि मोरित्स वालाख या ज्यू भावांनी १९००मध्ये म्युनिकमध्ये पारंपरिक कपड्यांचं दुकान काढलं. खेड्यातल्या मोलकरणीचा आणि शेतकरणीचा पोशाख शहरी बायकांनी हौसेने घालावा असा केला तो मुख्यतः त्यांनी. १९१०मध्ये ऑक्टोबरफेस्टची शंभरी साजरी झाली तेव्हा मिरवणुकीचे कपडे वालाखांनी पुरवले. १९३८मध्ये नाझींनी दुकान हिसकावून घेतलं. मोरित्स देश सोडून अमेरिकेला गेले. त्यांचा भाऊ माक्स १९४४मध्ये आउश्वित्झमध्ये मारला गेला. आज कुणीही डिर्न्डल घातलेली मुलगी पाहिली आणि 'किती अस्सल जुनं' असं मनात आलं, की मला ते नाव आठवतं.

त्याच १९१०च्या ऑक्टोबरफेस्टची आणखी एक गोष्ट त्या रात्री मला सापडली आणि झोप उडाली. त्या वर्षी माळावर सामोआ बेटांवरची माणसं 'दाखवायला' आणली होती. सामोआ तेव्हा जर्मनांची वसाहत. लोक तिकीट काढून त्यांचे नाच, त्यांची घरं, त्यांची मुलं बघायला जात. अशी माणसांची प्रदर्शनं तेव्हा युरोपभर भरत, हिंदुस्थानातली माणसंही त्यांत असत. मी दिवसभर जुन्या जत्रेच्या प्रेमात होते. त्या जुन्या जत्रेत मी असते तर दोरीच्या कुठल्या बाजूला असते?

दुसऱ्या दिवशी मी हे आजीला सांगितलं. ती गप्प बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझा बाप त्या वर्षी आठ वर्षांचा होता. तो गेला असणार. त्याने बघितलं असणार." आणि मग उठून आत गेली, कॉफी घेऊन आली, आणि माझ्या समोर न बसता शेजारी बसली. आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

त्यानंतर मला ओइडे वीझन कमी आवडायला लागली का? नाही. पण 'जुनं' हा शब्द मी जपून वापरायला लागले. त्या कोपऱ्यात जे आहे ते निवडलेलं आहे. साखळ्यांचा पाळणा निवडलाय, वेडीवाकडी सायकल निवडलीय, बाजा आणि त्स्वीफाखर निवडलाय. दोरी लावलेलं सामोआचं गाव निवडलेलं नाही, आणि ते नकोच. फक्त ते होतं, हे सांगणारं कुणीतरी त्या बाकावर बसलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. आजीसारखं.

२०२० आणि २०२१ साली जत्रा भरली नाही. एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्याने दोनदा अडवली होती, महायुद्धांनी अडवली होती, आता कोरोनाने. त्याच माळावर चाचणी केंद्र उभं राहिलं. गाड्यांच्या रांगा, काचा खाली, नाकात काडी. आजीचं टोचून झालं त्या दिवशी आम्ही तिथून चालत घरी आलो. इतका मोठा माळ रिकामा. दोन मुलं चाकांचे बूट घालून त्याच्या मधोमध फिरत होती. "एकोणपन्नासला वरून असंच दिसलं होतं," आजी म्हणाली.

२०२२ला जत्रा परत आली ती पावसात. दोन आठवडे थंडी आणि धार. आजीला खोकला होता, आम्ही गेलो नाही. २०२३चा सप्टेंबर मात्र कडक उन्हाचा. गेलो, दोन बिअरऐवजी एकच मग मागवून दोघींत प्यायलो, आजी नाचायच्या फळ्यांपर्यंत गेली आणि एका अनोळखी म्हाताऱ्याबरोबर तिने अर्धं गाणं नाचलं. अर्ध्यावर गुडघ्याने ऐकलं नाही. तिने म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि ताठ मानेने परत आली.

२०२४ला ओइडे वीझन नव्हती. दर चार वर्षांनी मैदानाचं तेच टोक शेतकी प्रदर्शनाला द्यावं लागतं. मला वाईट वाटलं, आजीला नाही. ती मला गाई दाखवायला घेऊन गेली. तपकिरी-पांढऱ्या, धुतलेल्या, कासा भरलेल्या गाई, ट्रॅक्टरांच्या रांगा, शेतकऱ्यांच्या बायका चीज कापून चाखायला देत होत्या. शेणाचा आणि गवताचा तो वास मला थेट आजोळी घेऊन गेला. "हे १८११पासूनचं," आजी म्हणाली. "जुन्या वीझनपेक्षा हे जुनं. जुन्याने त्याहून जुन्यासाठी जागा करून द्यायची असते." एका कालवडीने तिच्या जाकिटाची बाही चाटली. आजीने ती पुसली नाही.

गेल्या वर्षी, २०२५ला, तिला पायऱ्या उतरवेनात. तळमजल्यापासून रस्त्यापर्यंतच्या चारच पायऱ्या, पण त्याही नाहीत. मी एकटीच गेले. तिने मला काही आणायला सांगितलं नव्हतं. मी भाजलेल्या बदामांचा कोन घेतला, साखळ्यांच्या पाळण्यापाशी थोडी उभी राहिले, आणि तंबूत जाऊन आमच्या नेहमीच्या बाजूला, फळ्यांजवळ, बाकाच्या टोकाला बसले. शेजारी एक कुटुंब होतं. त्यांनी विचारलं, तू एकटीच? 'तू'च म्हणाले.

वादकांनी त्स्वीफाखर सुरू केला तेव्हा मी आजीला फोन लावला आणि टेबलावर, मगाला टेकवून ठेवला. पहिल्यांदा नुसताच श्वास ऐकू आला. मग तिच्या बाजूला लाकडावर बोट वाजायला लागलं. तीन, तीन. मी इकडे माझं बोट टेबलावर धरलं. मला हे गाणं माहीत नव्हतं, बदल कुठे येणार ते माहीत नव्हतं. जोड्या फिरत होत्या, फळ्या दणदणत होत्या. फोनमधलं बोट थबकलं.

"आता," आजी म्हणाली.